देवमाशाचं आवतण

एका समुद्रात, बालमित्रांनो, अगदी तळाशी, चिखलाच्याही खाली चिखल होता. तिथे गोदाक्का नावाची एक जिवाणू राहत असे. तिच्या शेजारी नागोजी राहत असे.

ज्या दिवशी बातमी आली, तो दिवस रोजच्यासारखाच होता. म्हणजे शंभर वर्षांचा. गोदाक्काने सकाळी आपली एक भिंत लिंपली आणि दुपारभर विसावा घेतला. यापेक्षा जास्त काम तिथे परवडत नसे, कारण खायलाच नसे. खडकातल्या किरणोत्साराने पाण्याचा रेणू फुटला, की हायड्रोजनचा एखादा कण सुटे. तो दोघं मिळून पुरवत. कोणी शेजारी वारला, तर त्याचं उरलंसुरलं बाकीचे खात. तीच तिथली उत्तरक्रिया. नाक मुरडू नका, मुलांनो. तुम्ही तिथे राहून बघा.

तर त्या दिवशी वरच्या थरातून एक व्याख्याता जिवाणू गाळाबरोबर घसरत आला.

"मंडळी, वर देवमासा वारलाय! सगळ्यांना आवतण आहे. चला, हातपाय हलवा!"

"आम्हाला हातपाय नाहीत हो," नागोजी म्हणाला.

"हीच ती नकारात्मकता! आमच्याकडे लोक वीस मिनिटांत दुप्पट होतात!"

नागोजीकडे एक वडिलोपार्जित शेपटी होती. त्याने ती कधीच वापरली नव्हती. आता तो ती झटकू लागला.

"अक्का, जाऊन येतो. तुझ्यासाठी थोडी चरबी बांधून आणतो."

वर पोचण्याइतका जीव त्याच्यात नाही, हे गोदाक्काला स्पष्ट दिसत होतं. तो वाटेतच जाणार होता. तिच्यापाशी दोन शब्दांपुरती ताकद साठली होती. "जाऊ नकोस" त्यात नेमकं बसलं असतं. पण शेजारधर्म असा, की आधी टोमणा मारायचा.

"आला मोठा!" ती म्हणाली.

ताकद संपली.

नागोजी खूश होऊन हसला आणि निघाला. केसभर वर गेला आणि तिथेच वारला. व्याख्यात्याला खालच्या थरातही कार्यक्रम होता. तो पुढे गेला.

गोदाक्काने रीतीप्रमाणे नागोजीला खाल्लं. फार पौष्टिक निघाला. त्याच्यावर तिची दोन हजार वर्षं आरामात गेली.

तात्पर्य : मुलांनो, आळस कधी सोडू नका, पण शेजारी मात्र उद्योगी निवडा. पोटाची काळजी मिटते. "जाऊ नकोस" म्हणायचं तेवढं राहून जातं.