पानाच्या मधल्या कोऱ्या जागेबाबत

लिहून देणार : किसनराव रामजी दळवी, वय ५२, धंदा अर्जनवीस, बैठक वसमतच्या कचेरीसमोरील लिंबाखाली.

ज्यांच्याविषयी लिहिले ते : यशवंत सखाराम खिल्लारे गुरुजी, वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त शिक्षक, उद्योग जुन्या प्राकृत पोथ्या वाचणे, राहणार हळद बाजारामागील गल्ली, वसमत.

साक्षीदार : (१) शेख बाबू, टंकलेखक, बैठक माझ्या शेजारी. (२) सौ. संगीता, गुरुजींची मुलगी, राहणार डोंगरकडा.

कालावधी : सन १९९६ चा उन्हाळा ते सन २००४ चा हिवाळा. प्रकरण सुरू झाले तेव्हा जिल्हा परभणी होता, मध्यंतरी हिंगोली झाला. प्रकरणावर त्याचा परिणाम झालेला नाही.

वाचकांच्या सेवेशी सविनय सादर करण्यात येते की, सदर गुरुजी माझ्याकडे प्रथम आले ते नळजोडणीचा अर्ज घेऊन. अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला होता व तो नियमात बसतो का, एवढेच त्यांना विचारायचे होते. अक्षर असे, की छापखान्याने शिकवणी लावावी. परंतु कागदाच्या बरोबर मध्यभागी, मोठ्या शंकरपाळ्याच्या आकाराची जागा कोरी होती. ओळी तिथपर्यंत येत, थांबत आणि जागा ओलांडून पलीकडे पुन्हा सुरू होत.

कोरी जागा हे निम्म्या भांडणांचे मूळ असते, असे माझे अनुभवांती बनलेले मत आहे. तुम्ही आज दोन बोटे जागा सोडता आणि उद्या तिच्यात कोणी तरी चुलत्याचे नाव लिहितो. म्हणून कोरी जागा दिसली की मी तिच्यावर तिरकी रेघ मारतो. तशी ती मारली.

गुरुजी त्या रेघेकडे असे पाहू लागले, जणू ती मी त्यांच्या कपाळावर ओढली.

“काय केलं हे तुमी?”

“कायदेशीर केलं.”

“अहो, जागा होती ती!”

“कशाची?”

“दोऱ्याची.”

“कुठं हाय दोरा?”

“दोरा नसला म्हणून काय झालं?”

बाबूभाईंनी टाइपरायटर थांबवला. “दळवीसाब, रेघ कायकू मारे? गुरुजी को नल नहीं, धागा होना.”

गुरुजी रागावले नाहीत. लिंबाच्या पारावर बसून त्यांनी आम्हा दोघांना, अर्ज घेऊन ताटकळलेल्या चार शेतकऱ्यांना आणि एका शिपायाला समजावून सांगितले. पूर्वी पोथ्या ताडाच्या पानांवर लिहीत. पानांना मध्ये भोक पाडून त्यातून दोरा ओवीत, म्हणून लिहिताना भोकाभोवती जागा सोडीत. पुढे कागद आला. दोरा गेला, भोकही गेले. परंतु पोथ्या लिहिणारे लेखक पुढे शेकडो वर्षे ती जागा सोडतच राहिले.

“काहून?” एका शेतकऱ्याने विचारले.

“हाताला सवय,” गुरुजी म्हणाले. “आन् जागा तरी कोणाला जड झाली होती?”

गुरुजींच्याही हाताला तीच सवय होती. सिद्धेश्वरकडच्या शाळेत असताना ते फळ्याच्या मध्यभागी वीतभर जागा सोडून लिहीत. तेवढ्या भागात फळा खराब आहे, अशी मुलांची समजूत होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी तर नवा फळा मंजूर केला. नव्या फळ्यावरही गुरुजींनी मध्ये जागा सोडली. संगीताच्या लग्नपत्रिकेतही त्यांनी मध्ये जागा ठेवायला लावली. छापखानेवाल्याने तिथे नवरा-नवरीचा फोटो बसवायचा आहे असे समजून चार दिवस फोटोची वाट पाहिली.

बाजारात लोक त्यांची चेष्टा करीत. “गुरुजी, तुमी विहारात जाणारे, पोथी जैन शेठजीची. मधात तुमचं काय काम?”

“पाली वाचता वाचता शेजारच्या घरात शिरलो,” ते म्हणत. “चहा दिला, बसलो. आता उठावं वाटंना.”

ती पोथी म्हणजे प्राकृत गोष्टींचा एकशे बारा पानांचा संग्रह. एका कापडवाल्या शेठजींनी तो गुरुजींना विश्वासावर वापरायला दिला होता. गुरुजींनी त्याची नक्कल करून ठेवली होती. मूळ पोथी लिहिणारा तीन-चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, परंतु गुरुजी त्याच्याविषयी गल्लीतल्या माणसासारखे बोलत. तीच ओळ दोनदा लिहिलेली आढळली की म्हणत, “हा गडी इथं पेंगला बरं.” अक्षर घाईचे झाले की म्हणत, “घरून जेवायला हाक आली असंल.”

एके दिवशी ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, “दळवी, तुमी मोठ्यानं चांगलं वाचता.”

हे खरे आहे. अर्ज लिहून झाल्यावर अर्जदाराला तो वाचून दाखवणे हा माझा नियम असून, माझा आवाज कचेरीच्या आतपर्यंत ऐकू जातो. गुरुजींची अडचण अशी होती, की नक्कल पडताळायला दोघे लागतात. एकाने मूळ पोथी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून चालायचे. निम्म्या पानांची पडताळणी झालेली होती.

“आधी वाचणारं माणूस होतं,” गुरुजी म्हणाले. “आता न्हाई.”

“नोकरी लागली का त्याला?”

“न्हाई,” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. एखादा जुना विद्यार्थी असावा, असे मी गृहीत धरले. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असून दहावीचा निकाल माझ्याविरुद्ध गेला. तरीही एका विद्वानाने मला बोलावले, म्हणून मी रविवार सकाळ मंजूर केली.

गुरुजी घरात एकटे राहत. पत्नी गयाबाई मी भेटण्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. खोलीत पुस्तके, एक चूल, दोन चटया आणि बाजारातून उडून येणारी हळदीची पिवळी धूळ. जुनी वळणे ओळखायला मला तीन महिने लागले. अर्थ मात्र एका अक्षराचाही कळत नव्हता, म्हणून मी तो आवाजाने भरून काढीत असे.

“दळवी, फिर्याद न्हाई ती,” गुरुजी म्हणत. “एका बाईची गोष्ट हाय. हळू घ्या.”

पानाच्या मधल्या ओळी आल्या की मी कोऱ्या जागेवरून सरळ पलीकडे जात असे. पहिल्याच दिवशी गुरुजींचे बोट नकलेवर अडखळले.

“इथं थांबा.”

“काहून? इथं काही लिहिलेलं न्हाई.”

“लिहिलेलं न्हाई, म्हणूनच थांबायचं. श्वास घ्यायचा, मग पुढं.”

“शास्त्र आहे का तसं?”

“परंपरा हाय.”

“किती जुनी?”

गुरुजींनी थोडा विचार केला. “हाय बरीच,” म्हणाले.

परंपरेपुढे मी वाद घालत नाही. पुढची चार वर्षे, ज्या ज्या रविवारी जमले त्या त्या रविवारी, प्रत्येक कोऱ्या जागेपाशी मी थांबलो, श्वास घेतला आणि मग पुढे गेलो. घरी वर्तमानपत्र वाचतानाही थांबू लागलो. तेव्हा पत्नीने दवाखान्यात चला म्हणून हट्ट धरला.

पडताळणी पुरी झाली व पोथी परत गेली. काही काळाने शेठजी वारले. मुलांनी घर विकताना कसरीने खाल्लेले सगळे जुने गाठोडे श्रद्धापूर्वक सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात सोडले. त्यात ती पोथीही गेली. गुरुजींना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “पेंगणारा गडी गेला.” आता जगात त्या गोष्टी गुरुजींच्या नकलेपुरत्याच उरल्या होत्या.

परगावच्या एका संस्थेला नकलेचा नमुना पाठवला. संस्थेने छापण्याची तयारी दाखवली. मात्र पत्रात अट होती, की पानांमधली कोरी जागा अनावश्यक असल्याने ती काढून मजकूर सलग घेतला जाईल. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवावी. सही आल्याशिवाय काम सुरू होणार नाही.

तोपर्यंत गुरुजींची दृष्टी जवळजवळ गेली होती. पत्र मीच वाचून दाखवले.

“सही करायची न्हाई,” ते म्हणाले.

मी त्यांना सर्व बाजूंनी समजावले. मूळ पोथी राहिली नाही. नकलेलाही कसर लागेल. जागेपायी मजकूर जाईल. बाबूभाईंनीही समजावले, “गुरुजी, किताब छपने दो. बीच में क्या रखा है?”

“दोरा नसला म्हणून काय झालं?” गुरुजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मला त्यांचा राग आला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मी संमतीपत्र भरून तयार ठेवले व मुलीला डोंगरकड्याहून बोलावून घेतले. बाप मुलीचे ऐकेल, असा माझा हिशेब होता.

संगीता दुपारच्या गाडीने आली. अंगणातच मी तिला संमतीपत्र दाखवले आणि कोऱ्या जागेपाशी थांबण्याची परंपरा किती जुनी आहे, हेही माझ्या परीने सांगितले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. “काका, कसली परंपरा? तिथं माझी आई थांबायची.”

“आई?”

“आधी आईच वाचायची की. बाबांनीच तिला अक्षरं शिकवली, ती पण पोथीवरून. बसची पाटी वाचायला लोकाला विचारायची, आन् पोथी न चुकता वाचायची. हळदीच्या धुरळ्यात जल्म गेला तिचा, दमा होता. चार शब्द वाचले की धाप लागायची, आन् लाज वाटायची तिला. बाबा म्हणायचे, घाई न्हाई, गया. ह्या मोकळ्या जागेवर थांबत जा. लिहिणाऱ्यानं तुझ्यासाठीच सोडली ती.”

मी संमतीपत्राची घडी करून ते खिशात ठेवले. घरी आल्यावर फाडले.

त्याच आठवड्यात मी संस्थेला नवा अर्ज लिहिला : नक्कल आहे तशी, मधल्या जागेसह छापावी. कारण या रकान्यात ‘परंपरा’ असे लिहिले. अर्जाच्या मध्यभागी, माझ्या साऱ्या कारकिर्दीत प्रथमच, शंकरपाळ्याएवढी जागा सोडली आणि तिच्यावर रेघ मारली नाही. तळाशी टीप दिली : मधली जागा हेतुतः कोरी सोडली आहे.

नियमाप्रमाणे अर्ज गुरुजींना वाचून दाखवला. मध्यभागी आलो, थांबलो, श्वास घेतला. गुरुजींनी मान वर केली. दिसत नसतानाही ते माझ्याकडे बराच वेळ पाहत होते.

“बराबर,” म्हणाले. “आता पुढं वाचा.”

त्यानंतर तीन स्मरणपत्रे पाठवली. उत्तर नाही. दर रविवारी मी गेलो की गुरुजी विचारतात, “आलं का काही?” मी म्हणतो, “टपाल उशिरा येऊन राहिलं.” सदरहू मजकूर वाचकांसमोर ठेवण्याचे कारण हेच, की संबंधितांपैकी कोणाच्या तरी वाचनात तो यावा.

तरी विनंती की, या प्रकरणी न्याय व्हावा व लेखी उत्तर लवकर मिळावे. उत्तर गुरुजींना मलाच वाचून दाखवायचे आहे. म्हणून ते लिहिताना कागदाच्या मध्ये थोडी जागा सोडावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

किसनराव रामजी दळवी
अर्जनवीस, वसमत