क्लाइडच्या शेजारी कोण बसलंय

विनूकाका किराण्याचं दुकान निवडायचे ते भाजी बघून नाही, तर छतातून कुठलं गाणं झिरपतंय ते ऐकून. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात, आमच्या भागातल्या एका दुकानात टोमॅटो उत्तम, पण गाणी आजकालची. तिथे ते पाऊल टाकत नसत. दुसऱ्या दुकानातला टोमॅटो चेंडूसारखा उसळी घ्यायचा, पण गाणी सत्तर-ऐंशीच्या दशकातली. तिथे कॉर्नफ्लेक्सच्या रांगेत ट्रॉली आडवी लावून, मान वर करून काका गाणं संपेपर्यंत उभे राहायचे. मागे अडकलेल्या बाईने "सर, आर यू ओके?" विचारलं की बोट वर करून सांगायचे, "वन मिनिट. ही इज कमिंग."

येणारा तो म्हणजे क्लाइड.

मी तेव्हा काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. डेट्रॉइटला शिकत होते, म्हणजे मुख्यतः विद्यापीठात शिकता शिकता वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या युनियनची पत्रकं वाटत होते. मला राग यायला फार काही लागत नाही आणि काकांच्या हकिकतीत रागावण्यासारखं पुष्कळ होतं.

काका पुण्याहून एमएस करायला आले आणि एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिझाइन करायला लागले. संध्याकाळी मात्र डेट्रॉइटच्या स्टुडिओंमध्ये बेस गिटार वाजवायचे. शेजारच्या खुर्चीवर गिटार घेऊन क्लाइड. दोघं सेशन प्लेअर, म्हणजे तासावर बोलावलेले वादक. गाणं कोण म्हणणार, त्याचं नाव काय ठरणार, त्यांना पत्ता नसे. वाजवायचं आणि घरी जायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचा फोटो, मागे त्याचे केस कापणाऱ्याचंसुद्धा नाव, आणि ज्यांच्या बोटांवर ते गाणं उभं त्यांचा उल्लेख नाही. मी याला चोरी म्हणते. जेवणाच्या टेबलावर तसं म्हटलंही.

"कॉम्रेड, आधी आमटी वाढून घे," काका म्हणाले. "चोरी गार होत नाही, आमटी होते."

मग रेकॉर्डिंगचा धंदा लॉस एंजेलिसला गेला आणि क्लाइडही गेला. त्याने काकांसाठी खोली बघून ठेवली. काका म्हणाले, उन्हाळ्यात येतो. उन्हाळ्यात कंपनीने नोकरी पक्की केली, पुण्याहून सुलभाकाकू आल्या, घर घेतलं. काका गेले नाहीत. येत नाही असं कळवायचीही लाज वाटली, म्हणून कळवलंच नाही. तीस वर्षं.

त्यानंतर क्लाइडची खुशाली त्यांना दुकानांच्या छतांतून कळायची. नाव कुठे छापलेलं नसलं तरी हात ओळखू यायचा. "पोटभर जेवलेला माणूस खुर्ची मागे सारतो ना, तसा तार सोडतो तो," काका सांगायचे. "घाई नाही." पण त्यांचा खरा कान असायचा क्लाइडच्या शेजारच्या बेसवाल्याकडे. "हा कुणाला आणून बसवलंय? नुसता पळतोय. बेसवाल्याचं बूड जड पाहिजे. हा पंगतीत वाढप्या फिरावा तसा फिरतोय."

काकू म्हणायच्या, "सासरी दिलेल्या मुलीला नवरा कसा मिळालाय, त्याची चौकशी चाललीय यांची. जन्मभर पुरली बाई."

जन्मभर ब्रेक बनवलेला हा माणूस गाडीत एखादं गाणं लागलं की लाल सिग्नल सरळ ओलांडायचा. शेवटी काकूंनी किल्ली काढून घेतली आणि काकांना हिंडवायचं काम माझ्याकडे आलं. असंच एकदा गाडीत मी म्हटलं, "काका, वादकांची युनियन असते. मी एक फोन करते, त्याचा नंबर मिळेल."

"नंबर मिळेल गं. बोलू काय? त्याच्या शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवली. तिथे कुणीतरी धड माणूस बसला, एवढं एकदा कानांनी ऐकू दे. मग करीन फोन. तोवर कुठल्या तोंडाने?"

मला असला संकोच कळत नाही. मी नंबर मिळवला आणि तसं सांगून टाकलं. त्यांनी तो मागितला नाही. पण मधूनमधून, अगदी सहज विचारावं तसं विचारायचे, "आहे ना गं तो तुझ्याकडे?"

हिवाळा सरताना रस्त्याला खड्डे पडतात. तशाच एका खड्ड्यात टायर फुटला आणि आम्ही टायरच्या दुकानात जाऊन बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, करपलेली कॉफी, कोपऱ्यात रेडिओ. गायक नसलेली, नुसत्या वाद्यांची एक संथ चीज लागली. कप ओठांपाशी नेता नेता काका थांबले. क्लाइड. एव्हाना मला ते त्यांच्या मानेवरून कळायचं.

मी बेसवाल्याच्या नावाने शिव्या सुरू व्हायची वाट बघत राहिले. त्या आल्या नाहीत.

"हा बसलाय," काका अगदी हळू म्हणाले. "ऐक. क्लाइड पुढे गेला तरी हा मागे धावत नाही. थांबतो. त्याला जागा देतो." चीज संपली, टायरची जाहिरात लागली, तरी ते रेडिओकडेच बघत होते. "मिळाला त्याला माणूस. लाव फोन."

बाहेर पार्किंगमध्ये वारा होता. पलीकडून फोन उचलला तसं काका म्हणाले, "क्लाइड. विन. फ्रॉम डेट्रॉइट." आणि श्वासही न घेता त्या चिजेतला बेस तोंडाने वाजवून दाखवायला लागले. मग म्हणाले, "हू इज धिस फेलो? ही इज गुड. आय जस्ट वॉन्टेड टू टेल यू, ही इज गुड."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. माझ्याकडे पाठ फिरवली. एकदा "नो, नो, आय शुड हॅव कम," एवढं म्हणाले. मग फोन माझ्या हातात दिला.

"कोण होता?" मी विचारलं.

"तोच. आधी गिटार वाजवली, मग त्याच टेपवर स्वतःच बेस भरला." काकांनी चष्मा काढून पुसला. "ती पळणारी माणसं रेकॉर्ड कंपनीने दिलेली. जिथे त्याच्या मनावर होतं तिथे त्याने दुसरं कुणी बसवलंच नाही. म्हणाला, विन इथे काय वाजवेल ते मला ऐकू यायचं, तेवढंच वाजवलं."

मला यावरही चिडायचं होतं. कुणावर ते सापडेना.

आतून माणसाने गाडी तयार झाल्याची खूण केली. काका हलले नाहीत. कोटाच्या बाहीवर त्यांची डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबली जात होती.

"पुन्हा लाव गं," ते म्हणाले. "बरा आहेस का, विचारायचं राहिलं."