आजोबांच्या पोटाचा वाटा

आजोबांनी आशीर्वादासाठी हात उचलले की त्यांचे पोटही हनुवटीपर्यंत वर यायचे.

आजोबा संगणकावरचे होते. मुलांच्या मालिकेतले. त्यांच्या आत हाडांचा सांगाडा होता आणि कातडीच्या प्रत्येक ठिपक्यावर कोणत्या हाडाचा किती वाटा, हे ठरवणे नुरझातचे काम. कुठेतरी पोटाच्या ठिपक्यांवर मनगटाच्या हाडाला वाटा मिळाला होता. तिने तो काढून टाकला, तर पोट चहाच्या पितळी समोवारसारखे कडक झाले. चार वाजेपर्यंत जमले नाही तर आशीर्वादाचा प्रसंगच कापायचा, असे दिग्दर्शक एमिलने बजावले होते.

खरे पोट पाहायला हवे होते. सासरे, शाबदान, शेजारच्याच खोलीत चहा पीत होते.

"बाबा, मला आशीर्वाद द्या ना. अन् जरा कोट काढता?"

शाबदाननी पेला खाली ठेवला. त्यांच्या गल्लीतून दोन महिन्यांत चार सुना असाच आशीर्वाद घेऊन परदेशी कामाला गेल्या होत्या. निघणाऱ्याला 'कुठे' विचारायचे नसते. त्यांनी कोट काढला, तळवे उघडले आणि मग ते चेहऱ्यावरून फिरवले.

नुरझात फोनवर चित्रण करत होती. "पुन्हा एकदा, बाबा. बाजूनं."

त्यांनी दुसऱ्यांदा दिला. "अजून एकदा?" नुरझातने विचारले.

"तीनदा?" शाबदाननी पुन्हा तळवे उघडले. "लांबचं दिसतंय."

"हो, अजून बरंच आहे," नुरझात पडद्याकडे वळत म्हणाली.

तासाभरात घरात कुजबुज सुरू झाली. सासूबाई सायराकान नान घेऊन आल्या आणि तिच्या तोंडासमोर धरला. नुरझातने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. नजर न हलवता तिने चावा घेतला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडले.

"एकच!" सासूबाईंनी नान मागे ओढला आणि डोळे पुसत निघून गेल्या. शेजारच्या कानिशाय आपाही येऊन तिच्या बॅगेशी काहीतरी खुडबुड करून गेल्या. नुरझात तेव्हा पडद्यावरच्या आजोबांच्या काखेत गुंतली होती.

साडेतीनला ती स्टुडिओत पोचली. बॅग उघडली तर आधी लोकरीचे मोजे निघाले, मग कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी आणि चिठ्ठी: 'मॉस्कोत माझ्या मुलाला दे.'

"हे पण आजोबांना घालायचंय का?" एमिलने विचारले.

घरचे आपल्याला मॉस्कोला निघालेली समजताहेत, हे नुरझातच्या आता लक्षात आले. पण चारला दहाच मिनिटे कमी होती. पडद्यावर आजोबांनी हात उचलले. काख नीट उघडली. पोट जागेवर राहिले आणि शेवटी किंचित वर आले.

"पोट हलतंय थोडं."

"खऱ्या माणसाचं हलतं. पहिल्या दोन वेळा नाही हललं, तिसऱ्यांदा हललं. मोजलंय मी."

एमिलने तो तुकडा दोनदा पाहिला. "राहू दे. म्हातारा जिवंत वाटतोय."

ती धावतच घरी आली. भिंतीवरच्या खिळ्याला आठ वर्षांपूर्वी मॉस्कोला गेलेल्या थोरल्या दिराने निघताना चावलेला नान कापडी पिशवीत टांगलेला होता. आज शेजारी दुसरी पिशवी होती. शाबदान तिकडे पाठ करून बसले होते.

"बाबा, मी कुठंही चालले नाहीये. ते कामासाठी होतं."

सगळे ऐकून घ्यायला त्यांना वेळ लागला. सासूबाई हसत सुटल्या. शाबदान मात्र गंभीर होते.

"म्हणजे मी तीन आशीर्वाद दिले ते काखेसाठी?"

"काखेसाठी, बाबा. अन् पोटासाठी."

"मग पुढच्या वेळी काखच माग ना, पोरी!"

त्यांनी नवी पिशवी उतरवली आणि नान तिच्या हातात दिला. "संपव. परत आलेल्यानं संपवायचा असतो."

खाता खाता नुरझातने फोनवरचे तिसरे चित्रण लावले. सकाळी तिने फक्त पोट पाहिले होते. आता चेहरा पाहिला. शाबदाननी ओठ घट्ट मिटून हुंदका आत ओढला, तेव्हाच पोट किंचित वर आले होते.

तिने फोन पालथा ठेवला आणि नानाचा उरलेला तुकडा कणही न सांडता संपवला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. कानिशाय आपा होत्या.

"आलीस पण? मोजे बसले का गं त्याला?"