दारातला खोकला

कॅनडातून आलेलं पत्र धम्मशीलाने मोबाइलवर वाचलं, ओढणीने काच पुसली आणि पुन्हा वाचलं. काचेचा काही दोष नव्हता. तेवढ्यात तिचे सासरे सहदेवराव शेतातून आले. रोजच्यासारखे फाटकापाशी एकदा खोकले, पाण्याच्या रांजणापाशी एकदा खोकले आणि ओसरीवर येऊन टेकले.

"मामाजी, आमचं लग्न खरं वाटत न्हाई म्हनते."

"कोन म्हनते?"

"कॅनडावाले."

उंद्री गावात कोणी असं बोललं असतं, तर सहदेवरावांनी त्याच्या दारात जाऊन विचारलं असतं, 'मंग बुंदी कोनाच्या लग्नाची खाल्ली बे तू?' पण कॅनडावाल्यांनी बुंदी खाल्ली नव्हती, त्यामुळे त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार? सहदेवरावांनी टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली.

त्यांचा प्रसेनजित कॅनडात मोठमोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत असे. तिथं कायमचं राहायचा परवानाही त्याला मिळाला होता. मागच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून तो आला, धम्मशीलाशी लग्न लागलं, दीड महिना राहिला आणि परत गेला. ही माझी बायको आहे, हिला माझ्याकडे येऊ द्या, असा अर्ज त्याने तिकडच्या व्हिसा कचेरीत केला. कचेरीने पुरावे मागितले. प्रसेनजितने आपल्या बाजूचे दिले. इकडचे पुरावे जमवायचं काम सहदेवरावांनी आपल्याकडे घेतलं. उभा जन्म त्यांनी चिखलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढला होता. आपण हात लावल्याशिवाय गाडी वेळेवर सुटत नाही, हा विश्वास निवृत्तीनंतरही गेला नव्हता.

"तू तिकडचं पाह्य," त्यांनी मुलाला सांगितलं होतं. "इकडचं मी पाह्यतो."

आणि त्यांनी पाहिलं. परदेशातल्या साहेबांना आपलं घर किती रीतीभातीचं आहे हे कळावं, म्हणून लग्नाचे फोटो त्यांनी स्वतः निवडले. नवरदेव नवरीला पेढा भरवतोय तो फोटो त्यांनी फोटोग्राफर भाऊरावांना तिथल्या तिथं कॉम्प्युटरमधून पुसायला लावला. दोघं एकमेकांकडे पाहून हसताहेत तोही पुसला. उरलेल्यांत कुठे दोघांच्या मधोमध सरपंच होते, कुठे सहदेवरावांची थोरली बहीण रुखमाबाई, आणि एका फोटोत जळगाव जामोदची सगळी सोयरीक. त्यात नवरा एका टोकाला होता, नवरी दुसऱ्या. प्रसेनजितच्या फोनमधले फोटो फोनसकट विहिरीत पडले होते. धम्मशीलाचा फोन घरीदारी सगळ्यांच्या हाती फिरायचा, म्हणून ती दोघांचे फोटो डोळे भरून पाहायची आणि लगेच पुसून टाकायची. ती नवऱ्याशी रोज तासभर फोनवर बोले, पण तिचं सिमकार्ड सहदेवरावांच्या नावाचं. कागदोपत्री प्रसेनजित रोज तासभर बापाशीच बोलत होता.

शेजारच्या माणसाचं पत्रही लागत होतं. ते कोर्टातले निवृत्त कारकून उद्धवराव यांनी आपल्या कमावलेल्या इंग्रजीत लिहून दिलं होतं. 'मुलगी अत्यंत शालीन आहे. पती सुट्टीवर असताना ती त्याच्याशी बोलताना किंवा त्याच्यासोबत बाहेर जाताना माझ्या दृष्टीस एकदाही पडली नाही.' उद्धवरावांनी याचा मराठीत अर्थ सांगितला, तेव्हा सहदेवरावांचे डोळे भरून आले होते.

कॅनडावाल्यांनी आपल्या पत्रात नेमकं हेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

"एक महिना देला त्यायनं," धम्मशीला म्हणाली. "पटलं न्हाई तर अर्ज खारीज. मंग पुन्हा पयल्यापासून." एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. चिखलीच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी तिने जायचं म्हणून सोडली होती. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, आणि त्या बॅगेवरची धूळ ती दर आठवड्याला पुसत होती. पोरीचं नीट व्हावं म्हणून आपण धडपडलो आणि आपणच तिची वाट अडवून बसलो, हे सहदेवरावांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

"तुमी हात लावला तवाच मले समजलं होतं," त्यांची बायको बनाबाई म्हणाली.

प्रसेनजित आठ दिवसांची रजा काढून आला. नवे फोटो काढायचे, दोघांचे, मध्ये कोणी नको, असं ठरलं. भाऊराव कॅमेरा घेऊन सकाळीच हजर झाले. धम्मशीलाने लग्नातली पांढरी साडी नेसली. शेवग्याच्या झाडाखाली दोघं उभे राहिले, आणि कामाची सूत्रं सहदेवरावांनी हाती घेतली.

"प्रसेनजित, थोडा डाव्या अंगाले. धम्मशीला, पुढं हो बेटा. अजून. मधात जागा सोडू नका."

"बाबा, तुमी घरात बसा ना जरा."

"मी घरात बसलो तर सांगन कोन? हात धर बे तिचा."

बापाच्या तोंडून हे ऐकून प्रसेनजितचे कान लाल झाले. तरी त्याने हात धरला. धम्मशीलाने मान किंचित त्याच्या खांद्याकडे कलती केली. भाऊरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. सहदेवरावांना पुढची सूचना द्यायची होती, म्हणून ते आधी खोकले. त्यासरशी दोघं झटक्यात दोन बाजूंना झाले आणि भाऊरावांचं बटण दाबलं गेलं. फोटोत मधोमध शेवग्याचं खोड आणि दोन्हीकडे दोन घाबरलेली माणसं आली.

पुन्हा दोघं जवळ आले, सहदेवराव पुन्हा खोकले, दोघं पुन्हा पांगले. लग्नानंतरच्या दीड महिन्यात त्या खोकल्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की आता इलाज नव्हता. मग भाऊरावांनीच सहदेवरावांना गोठ्याकडे पाठवलं. पण तोवर कुंपणापाशी बाया जमल्या होत्या. नवरीची साडी, नवरदेव, फोटोग्राफर. कॅनडाने पहिलं लग्न नामंजूर केलंय हे गावाला माहीत होतंच. दोन्ही गोष्टी जुळवायला उंद्रीला वेळ लागला नाही.

दुपारच्या एसटीने अमडापूरहून रुखमाबाई उतरली. काखेत साडीचा पुडा होता.

"काऊन रे सहदेव, पोराचं दुसऱ्यांदा लगन करून राह्यला अन् सख्ख्या बहिनीले सांगतलं न्हाई?"

"लगन न्हाई वो बाई. फोटू काढून राह्यलो."

"मंग नवरी काऊन सजवली?"

"कॅनडासाठी."

"कॅनडाले सांगतलं अन् मले न्हाई," रुखमाबाई म्हणाली आणि ओसरीवर बसून राहिली.

तिच्या मागून इतर आले. कोणी नारळ आणला, कोणी स्टीलचा डबा. सहदेवराव प्रत्येकाला फाटकातच समजावत होते, आणि माणसं मान हलवून आत येत होती. चूल पेटवायला बनाबाईने कोणाला विचारलं नाही. दारी आलेल्या माणसाला चहावर परत धाडायची या घराची रीत नव्हती. वरण झालं, बट्ट्या झाल्या, वांग्याची भाजी झाली. अंगणात पंगत बसली, उठली, दुसरी बसली. ज्याने त्याने आहेर दिला आणि रीतीप्रमाणे नवरानवरीच्या मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला. भाऊरावांचा हातही आहेर दिसला की आपोआप बटणावर जाई.

दिवस मावळता सहदेवरावांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो पाहिले.

"भाऊराव, दोघं सोबत किती फोटूत हायत?"

"सोबत सगळ्यायतच हायत ना. मधात मानसं हायत एवढंच."

दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला, पण आता दोघंही इतके धास्तावले होते की कोणी न खोकताच हातभर लांब उभे राहिले. त्यात पाहुणचाराला राहिलेली रुखमाबाई फोटोत यायची थांबेना. रजा संपली. प्रसेनजित गेला. जाताना बापाच्या पाया पडला.

मुदत संपत आली तेव्हा सहदेवराव एका सकाळी उद्धवरावांकडे गेले.

"मले एक पत्र लिहून द्या. माह्या नावानं."

"बोला," उद्धवरावांनी चष्मा लावला.

"लिहा, मी मुलाचा बाप. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी माह्या सोताच्या घरात खोकल्याशिवाय पाय ठेवला न्हाई."

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं. "सहदेवराव, हे कॅनडाला कसं समजेल?"

"न समजायले काय झालं? मानूस घरात शिरताना काऊन खोकते? आत दोघं जवळ बसले असतीन, त्यायले सरकायले वेळ भेटला पाह्यजे म्हनून. जे जवळच न्हाईत त्यायच्यासाठी घसा कोन फोडीन? प्रसेनजित परत गेला तरी माहा खोकला सुटला न्हाई. सून जेवनं झाल्यावर फोनवर बोलते, मी अंगनात जाऊन बसतो. पानी प्यायले उठलो तरी खोकूनच उठतो. फोन माह्या नावाचा हाय, पन मी त्याच्यावर बोलत न्हाई. मी पोराशी रविवारी बोलतो. जेवला का विचारतो अन् ठेवतो." ते थांबले. "सकाळ, दुपार, संध्याकाळ, घसा बसला माहा. हे सगळं लिहा."

उद्धवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच सहदेवरावांची गच्ची दिसत होती.

"खरं सांगू? माझ्या दृष्टीस दोघं पडले नाहीत, असं मी लिहिलं होतं ना? ते खोटं नाही. ते गच्चीवर आले की मी तोंड फिरवून बसत होतो. मान दुखली माझी."

"मंग थेही लिहा."

तेही लिहिलं गेलं. खाली दोघांनी सह्या केल्या. धम्मशीलाने ते पत्र मोबाइलवरून पाठवताना वाचलं की नाही, हे तिने कळू दिलं नाही. मात्र त्या दिवशी सहदेवरावांच्या ताटात तिने न मागता तूप वाढलं.

पुढच्या महिन्यात उत्तर आलं. धम्मशीलाने ते ओसरीवर उभं राहून मोठ्याने मराठीत सांगितलं. पत्र वाचलं, हा विवाह खरा आहे याबद्दल आता शंका उरली नाही, असं कचेरीने कळवलं होतं. बनाबाईने साखरेचा डबाच बाहेर आणला. सहदेवरावांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"पुढं अजून हाय, मामाजी," धम्मशीला म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तुमच्या घरातल्या ज्येष्ठ मानसाले लग्नापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ खोकला हाय, असं तुमच्याच पत्रावरून समजलं म्हनते. अर्जदार बाई त्याच घरात राह्यते. तवा टीबी तर न्हाई ना, याची दोघायची तपासनी करून पाठवा."

बनाबाई साखरेचा डबा घेऊन तशीच खाली बसली.

चिखलीत एक्स-रे काढले. दोघांच्याही छात्या स्वच्छ निघाल्या. तरी डॉक्टरांनी पत्र वाचून सहदेवरावांना समोर बसवलं. "खोकून दाखवा."

सहदेवरावांनी प्रयत्न केला. खोकला काही येईना.

"तब्येतीचा खोकला न्हाई थो, डॉक्टरसाहेब. असा बसल्या बसल्या येत न्हाई."

"मग कधी येतो?"

सहदेवराव चुळबुळले. तेवढ्यात धम्मशीलाचा फोन वाजला. प्रसेनजितचा होता. ती पदर सावरत, हसत दाराच्या कोपऱ्यात वळली, आणि सहदेवराव मान दुसरीकडे फिरवून दणदणीत खोकले.

डॉक्टरांनी एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "असा खोकला माझ्या वडलांनाही होता," ते म्हणाले आणि कुठलाही आजार नाही, असं लिहून त्यांनी खाली शिक्का मारला.

व्हिसा आला. पलंगाखालची बॅग निघाली. चिखलीच्या बसस्थानकावर धम्मशीला बनाबाईच्या गळ्यात पडून रडली, मग सहदेवरावांच्या पाया पडली. "मामाजी, घशाले जपा," एवढंच म्हणाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत सहदेवराव हात वर करून उभे होते. इतक्या गाड्या सोडल्या आयुष्यात, पण एकीच्याही मागे त्यांचा जीव असा गेला नव्हता.

आठवडाभराने एका संध्याकाळी ते शेतातून परतले. फाटकापाशी खोकले. रांजणापाशी खोकले.

बनाबाई ओसरीत चटईवर शेंगा फोडत बसली होती. "आता कोनासाठी खोकता? घरात मी एकटीच हाय."

सहदेवराव तिथंच थांबले. घर खरंच रिकामं होतं. आतून फोनवर हसल्याचा आवाज येत नव्हता.

"सवय लागली," ते म्हणाले.

"मंग या ना इकडं. बसा."

त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. मग चप्पल काढली आणि बनाबाईच्या बाजूला, चटईवर, अगदी जवळ बसले. तिने चार शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी असं बसल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. दोघं शेंगा फोडत राहिले.

फाटकाबाहेर उद्धवराव खोकले.

सहदेवराव चटकन हातभर सरकून बसले.