ठकूताईंच्या किरीटाची हकीकत

श्रीगजाननास नमन करून, घरोघरच्या धाकुट्या लेकरांस उदंड आयुष्य चिंतून, घडलें तें लिहितों. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, चैत्रमासीं दरसालाप्रमाणें राणीसाहेबांची आज्ञा जाहली कीं, राज्यांतील बालकन्यांमध्यें रूपें आगळी कोण हें दरबारीं पारखावें आणि तीस रत्नखचित किरीट द्यावा. मग घरोघर एकच धांदल उडाली. मोकाशियांच्या गोजराबाई, त्यांची कन्या ठकूताई, वय वर्षें पांच. मागील सालीं किरीट शेजारच्या देशमुखांचे घरीं गेला, तेव्हांपासोन बाईंस अन्न गोड लागेना. त्यांनीं कन्येस पहांटेसच उठवून दूध-हळदीनें चोळिलें, आणि गालांस लाली, डोळां काजळ लाविलें, आणि गंगावन जोडून हातभर उंच अंबाडा रचिला, आणि जरीचा परकर ऐसा कसिला कीं ठकूताईंस बसतां येईना. भूक लागली म्हणतां बाई बोलिल्या, "ओठांचा रंग जाईल. दरबार उठल्यावर खा हो."

मग दरबारीं कन्यांनीं ठुमकत चालावें, मान वेळावावी आणि हंसून मुजरा करावा, ऐसा क्रम चालिला. ठकूताईंनीं सर्व यथास्थित केलें आणि सभा वाहवा करूं लागली, मग त्या खांबास टेकल्या आणि उभ्या उभ्याच निजल्या. अंबाडा सुटून नाकावर आला. इतक्यांत चोपदार ललकारला, "किरीट ठकूताई मोकाशी यांचा! बाईसाहेब, कन्येस जागें करावें. स्वयें पुढें येऊन घ्यावा ऐसा रिवाज आहे."

गोजराबाई धांवत गेल्या आणि कन्येचे खांद्यास हात घातला. ठकूताई डोळे न उघडतां पुसूं लागल्या, "आई, अजून चालूं का ग?"

ऐकतांच बाईंचा हात तेथेंच राहिला. सालभर ज्याचा ध्यास घेतला तो किरीट समोर तबकांत झळकत होता. मग बाई बोलिल्या, "नको बाळा. पुष्कळ चाललीस." आणि चोपदारास म्हणाल्या, "मी हिला उठवणार नाहीं."

"मग किरीट दुसरीस जाईल."

"जाऊं दे."

ऐसें बोलून त्यांनीं परकराची गांठ सैल केली आणि लेकीस खांद्यावर घेतलें. राणीसाहेब क्षणभर रुष्ट जाहल्या, मग आपण होऊन आज्ञा केली, "वाद्यें थांबवा. मूल निजलें आहे." आणि सारी सभा पाऊल न वाजवितां बाजूस सरली.

येणेंप्रमाणें दरबार जाहला. किरीट दुसरीस गेला. गोजराबाई मेण्यांतून घरीं पोंचल्या आणि कन्या आपसूक उठेतों मांडी हालविली नाहीं. पायांस मुंग्या आल्या, परंतु चित्त बहुत संतोष पावलें.