खैरनारकाकांचं शूटिंग

शहरात कुठेही भिंत रंगवायला काढली, की आमचे शेजारी खैरनारकाका प्लास्टिकचं स्टूल आणि मोबाईल घेऊन तिथे हजर! चित्रकाराचं शूटिंग करतात. त्यातही फक्त त्याच्या हाताचं. तोंड नाही, चित्रही नाही.

काका अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर होते. नोकरी सुटली, सुपरवायझरकी काही सुटली नाही. शिडीवर लोंबकळणाऱ्या माणसाला खालून सांगणार, "जॉब ओके आहे, फक्त कोपर जरा उन्हात घे!" उड्डाणपुलाखाली एका चित्रकाराने वैतागून ब्रशच त्यांच्यापुढे धरला. काका शांतपणे म्हणाले, "मी रंगवलं तर शूटिंग कोण करणार?"

दिवाळीआधी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीने रस्त्याकडची भिंत रंगवून घेतली. सुरगाण्याकडची मनीषा चित्र काढत होती. मी सेक्रेटरी. भिंतीच्या उद्घाटनाच्या समारंभात दाखवायला शूटिंग हवं, आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली, मी ते काकांना सांगितलं. समारंभाच्या दिवशी पडद्यावर काय? पाऊण तास मनीषाचं मनगट!

"काका, आई एवढ्या लांबून आलीय, माझं तोंड तरी घ्यायचं व्हतं की!" मनीषा म्हणाली. लोक खो खो हसले. माझं मात्र डोकं फिरलं.

"अहो काका, चित्र कुठंय?"

"भिंतीवर. ते कुठं पळून चाललंय? हात निघून जातो." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आमची सुमन रोज पहाटे दारात रांगोळी काढायची. एकतीस वर्षं ती ओलांडून मी फर्स्ट शिफ्टला पळालो. काढताना कधी थांबून बघितलं नाही. आता रांगोळी आठवते हो, तिचा हात काही केल्या आठवत नाही."

सुमनकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून काकांचं दार कोरडंच होतं, आणि शेजारी असून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला निघण्याआधी मनीषा काकांच्या दारात येऊन बसली. हातात रांगोळीची पुडी.

"काकू कशी काढायच्या?"

"ठिपक्यांची. तेरा ठिपके, तेरा ओळी."

"मग घ्या शूटिंग. हातच घ्या, तोंड नको!"

काकांनी स्टूल मांडलं, मोबाईल धरला. मनीषा ठिपके सोडत गेली, जोडत गेली. जन्मात पहिल्यांदाच काकांनी कोणाला सूचना केली नाही.

"झाली. दाखवा आता," मनीषा म्हणाली.

काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. शूटिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"अरे देवा! पुसून परत काढू का?"

"नको गं पोरी," काका डोळे पुसत म्हणाले, "या वेळी बघितली मी."