खिडकीतलं जोडपं

खिडकीच्या फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल दिसला आणि माझ्या छातीत धस्स झालं. (तसं ते दूध उतू गेलं तरी होतं.) त्या गोलावर सकाळपर्यंत माझी बरणी होती!

बरणीत फॉर्मेलिनमध्ये ठेवलेलं जंतांचं जोडपं. फायलम नेमाथेल्मिन्थिस, क्लास नेमॅटोडा, नाव अ‍ॅस्कॅरिस लम्ब्रिकॉइडिस. झूऑलॉजीत पहिली आले म्हणून कॉलेजनं दिलेलं. (इतर मुली माहेरून पैठणी आणतात.) नराची शेपटी आकड्यासारखी वळलेली, मादी लांबलचक. बोलत नाहीत, पण एका बरणीत तरी राहतात. आमचे हे हळद उतरायच्या आत ट्रेनिंगला भुसावळला गेले. अंधेरीच्या या गावठाणात माझं बोलणं फक्त घरमालकीण मार्सेलिनाबायशी, तेही ‘पाणी आलं’, ‘पाणी गेलं’ एवढंच. म्हणून संध्याकाळी मी बरणीला वर्गीकरण म्हणून दाखवायची: गोलकृमी, चपटे कृमी, गांडुळं. चूक कुणी काढली नाही.

शेजारच्या खिडकीतून आत डोकावले. मार्सेलिनाबायच्या आल्तारावर, म्हणजे त्यांच्या येशूच्या देव्हाऱ्यात, मेणबत्त्यांच्या मधोमध, माझी बरणी! समोर सगळं घर गुडघ्यांवर, हातात माळा: मार्सेलिनाबाय, त्यांचे यजमान अ‍ॅम्ब्रोजकाका, छोटी ग्रेस आणि तिची आई.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लेबल लॅटिनमध्ये, आणि यांच्या चर्चमधली मिसा, रविवारची पूजाही लॅटिनमध्ये! कुण्या संताचं तीर्थ समजून शेवटी घोट घोट वाटलं तर?

“मार्सेलिनाबाय! पिऊ नका ते!”

प्रार्थनेचा सूर चढला. माळ चालू असताना कुणी ओ देत नाही, हे मला कोण सांगणार?

“अ‍ॅम्ब्रोजकाका, विष आहे! अहो, जंत आहेत त्यात!”

छोट्या ग्रेसनं मान वळवली. आईनं ती धरून सरळ केली. मी कडी वाजवली, गज हलवले, शेवटी चक्क रडले. भर वस्तीत एवढी ओरडतेय, आणि माझी हाक जणू भुसावळलाच चाललीय!

“आमेन,” झालं. मार्सेलिनाबाय गुडघे चोळत उठल्या.

“काय गो आरडतंस, नीलाबाय? पितंय कोन? जंत हाईत ते आमाला दिसतंय ना! तू अशी सुकलेली, रोज एकलीच बडबडतंस. सकाली खिडकीत बरनी बघितली, म्हटलं पोरीच्या पोटातनं निंगालं, डाक्टरनं नाव लिवून दिलं. तुज्यासाठीच तर बसलो सगली. ये आत, जेव. आनि लाजू नको, खरं सांग. अजून किती राहिलेत?”